काळजीला सुट्टी

मुंबई-पुण्याचे पाहुणे मे महिन्यात आमच्याकडे उतरले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन पडवीत बसतात आणि ठरलेलं वाक्य बोलतात. ‘काय सुख आहे हो तुमचं! इथे कसलं आलंय टेन्शन?’ मी हसते आणि आणखी चहा हवाय का ते विचारते. समुद्र आम्हालाही दिसतो. पण जानेवारी ते मे आम्ही त्याच्याकडे बघतो ते ढग कुठल्या बाजूने चढतायत एवढंच बघायला.

देवगड तालुक्यात जामसंड्याजवळच्या एका गावात आमचं घर आहे. कातळावर हापूसची कलमं. मी एका पतसंस्थेत नोकरीला, हे पूर्णवेळ बागेत, सासूबाई ऐंशीच्या पुढे आणि मुलगा पुण्यात. मार्च उजाडला की आमच्या घरात दोन मार्च एकदम येतात. ऑफिसात मार्च एंडिंग, हप्ते थकलेल्या कर्जदारांचे फोन, वरून येणारे वसुलीचे आकडे. आणि बागेत आंब्याची तोड. ऑफिसातला मार्च एकतीस तारखेला निदान संपतो तरी.

बागेतल्याला तारीख नाही. थंडी पडली नाही तर मोहोर येत नाही. पडली तर येतो, पण फार पडली तर वाटाण्याएवढी कणी धरलेली असताना त्याच फांदीवर पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची कणी गळून जाते. मळभ आलं की तुडतुडे, दव जास्त पडलं की भुरी, मग फुलकिडे. मार्चमध्ये ऊन चढलं की कैरी भाजते. यातून जे वाचतं त्यावर माकडांचा डोळा. औषध मारून दोन दिवस होत नाहीत तोवर आभाळ पुन्हा भरून येतं. विमा आहे, हवामानावर आधारलेला. पाऊस आमच्या झाडांवर पडून चालत नाही, महसूल मंडळातल्या यंत्रावर पडावा लागतो. त्यावर मी इथे लिहीत नाही, नाहीतर हा लेख तिथेच संपेल.

यात मेहनतीचा त्रास कमी. माणूस मेहनतीने दमतो आणि झोपतो. छळतं ते वाट बघणं. मोहोराची वाट, कणी टिकण्याची वाट, वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची वाट. या सगळ्यांत हातात करण्यासारखं फार थोडं असतं, आणि जे असतं ते करून झालेलं असतं.

गेल्या काही वर्षांत त्यात मोबाइलची भर पडली. आमचे सासरे संध्याकाळी खळ्यात उभे राहून एकदा आभाळाकडे बघायचे, ‘उद्या बघूया’ म्हणायचे आणि जेवायला बसायचे. रात्री आभाळ दिसत नाही, तेव्हा बघायचा प्रश्नच नव्हता. आता दिसतं. रात्री दोन वाजता मला जाग येते तर शेजारी निळा उजेड. हे कुशीवर वळून उपग्रहाचं चित्र बघत असतात. अंगठ्याखाली सगळा अरबी समुद्र. दोन बोटांनी मोठा करतात, लक्षद्वीपच्या आसपासचा एक पांढरा ठिपका निरखतात, पुन्हा लहान करतात. मग बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे कुणीतरी मागच्या साली फिरलेला इशारा पुन्हा टाकलेला असतो आणि त्याखाली रात्री दोन वाजता सतरा जणांचे हात जोडलेले. म्हणजे सतरा घरांत निळा उजेड आहे.

शरीराचं म्हणणं याबाबतीत फार जुनं आहे. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मांडलं: समोर संकट आलं की शरीर लढायची किंवा पळायची तयारी करतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडायला लागतं, रक्त हातापायांकडे धावतं, पोटातलं पचन मागे पडतं. पुढ्यात विषारी फुरसं आलं तर हे सगळं उपयोगाचं. पण लक्षद्वीपवरच्या ढगाशी लढायचं कसं आणि कलमं टाकून पळायचं कुठे? तयारी होते, कृती होत नाही, आणि तयारीतलं शरीर तसंच अंथरुणावर पडून राहतं. रात्रीमागून रात्री.

1936 साली माँट्रियलमध्ये हान्स सेली नावाच्या संशोधकाने ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटंसं पत्र छापलं. त्यांनी उंदरांना वेगवेगळे त्रास दिले होते. कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला अति पळवलं, कुणाला औषधं टोचली. त्रास निरनिराळे, पण आत झालेली मोडतोड सारखीच: त्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. शरीर आधी दचकतं, मग तग धरतं आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी हरतं, असे तीन टप्पे त्यांनी सांगितले. आमच्याकडे मोहोर ते पट्टी म्हणजे डिसेंबर ते मे. तग धरायचा टप्पा केवढा लांबतो बघा.

पण मला जास्त पटला तो पुढचा एक प्रयोग. 1970च्या आसपास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस नावाच्या संशोधकाने उंदरांना शेपटीला विजेचे झटके दिले. दोन उंदरांना अगदी सारखे. फरक इतकाच की एकाला झटक्याआधी पिक् असा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्याला आवाज यायचा पण त्याचा झटक्याशी काही मेळ नसायचा. ज्याला सूचना मिळत होती त्याच्या जठरात फार कमी व्रण सापडले. वीज तीच. पण पहिल्याला एक गोष्ट कळत होती: आवाज झालेला नाही, म्हणजे आत्ता काही होणार नाही. तेवढा वेळ तो उंदीर होऊन राहू शकत होता. दुसऱ्याला अशी सवडच नव्हती.

हे वाचलं आणि मला देवगड बंदरातले खलाशी आठवले. समुद्रावरचा धोका आमच्या बागेपेक्षा कितीतरी मोठा. आमचं पीक जाईल, त्यांचा माणूस जातो. तरी 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या ओढून शाकारून ठेवलेल्या. त्या दोन महिन्यांत पैसा नसतो, उसनवारी चालते, दुकानदाराची वही भरते. कुणी त्याला सुखाचे दिवस म्हणू नये. पण बंदरावरच्या माझ्या एका कर्जदाराने हप्ता भरता भरता सांगितलं होतं, ‘वैनी, पावसात वारो कितीय होवांदे, माका झोप लागता. होडी वर असा.’ नारळीपौर्णिमेला नारळ सोडला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, हे त्यालाही ठाऊक असतं. तारीख ठाऊक असते, हेच तर.

माझं माहेर मालवण तालुक्यातलं आचरा. तिथली गावपळण ज्यांनी ऐकलेली नाही त्यांना ती खोटी वाटते. दर तीन-चार वर्षांनी, ग्रामदैवत रामेश्वराने कौल दिला की सगळा गाव उठतो आणि वेशीबाहेर राहायला जातो. तीन दिवस, तीन रात्री. सगळा म्हणजे सगळा. म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री. बाजार बंद, शाळा बंद. वेशीपलीकडे माळावर आणि खाडीच्या कडेने झापांच्या झोपड्या उभ्या राहतात, आता ताडपत्रीच्याही. पुन्हा देवाचा कौल मिळेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. यामागच्या कथा पुष्कळ आहेत, भुताखेतांच्याही आहेत. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी. दरवेळी यावर वाद होतात, आजारी माणसांचे हाल होतात म्हणून. ते चूक नाही. माझी आजी कंबरेने अधू झाली होती तेव्हा तिला खाटेसकट नेलं होतं आणि ती वाटभर पोरांना शिव्या देत होती.

मला आठवते ती माझ्या लहानपणची एक गावपळण. माझे बाबा आणि त्यांचे चुलतभाऊ आबाकाका यांचा गडग्यावरून वाद चालला होता. आमच्या आणि त्यांच्या परड्यामधला चिऱ्यांचा गडगा आबाकाकांनी हातभर आमच्याकडे सरकवला असं बाबांचं म्हणणं. तलाठी झाला, मोजणी झाली, कणकवलीचा वकील झाला. रोज रात्री जेवताना आमच्या घरात गडगा वाढला जायचा. बाबा भाताचा घास हातात धरून तोच तोच नकाशा डाव्या बोटाने पाटावर काढायचे. आई काही बोलायची नाही, ताक वाढायची. आम्ही पोरं पटापट जेवून उठायचो.

त्या वर्षी माळावर झोपड्या बांधायला जागा धरली गेली ती नेमकी आमची आणि आबाकाकांची शेजारी शेजारी. आई धसकलीच. पहिल्या संध्याकाळी तीन दगडांच्या चुली पेटल्या, माणसं इकडून तिकडे मीठ-मिरची मागत फिरायला लागली. आबाकाका आमच्या झोपडीसमोर आले, उकिडवे बसले आणि कानावरची विडी काढून बाबांना म्हणाले, ‘आग्याडी असा रे?’ बाबांनी काडेपेटी दिली. नंतर दोघं पत्ते खेळायला बसले. तीनही रात्री. शेवटच्या रात्री भजनाला आबाकाका पखवाज वाजवत होते आणि बाबा झांज. न राहवून मी विचारलं, ‘बाबा, आता गडग्याचा काय?’ बाबा म्हणाले, ‘गडगो गावात रवलो गो. आपण आता भायर.’

चौथ्या दिवशी आम्ही परत गेलो. आईने अंगणात सडा घातला. त्या रात्री जेवताना गडगा पुन्हा पानात आला. पुढे कित्येक वर्षं ती केस चालली. म्हणजे गावपळणीने काही मिटलं नाही, आणि मला वाटतं मिटवायचं तिचं कामही नव्हतं. कॅननसाहेबांच्या हिशेबात लढणं किंवा पळणं ही एकट्याने करायची गोष्ट आहे. इथे अख्खा गाव मिळून, देवाला विचारून, कोंबड्या डालग्यात घालून पळतो, आणि परतायचं कधी तेही सगळ्यांना माहीत असतं. तीन दिवस गडग्याला बाबांपर्यंत यायची वाट नव्हती. तीन दिवस पिक् वाजणार नव्हतं.

सासरी आल्यावर गावपळण सुटली, गाऱ्हाणं मात्र इकडेही आहे. जत्रेला, शिमग्याला, पेरणीआधी गावकार, म्हणजे गावचा मानकरी, देवासमोर उभा राहतो आणि गावाची सगळी काळजी मोठ्या आवाजात देवाच्या अंगावर घालतो. ‘बा देवा म्हाराजा, वादळवारो, रोगराय, जा काय संकट येताला ता वेशीभायरच्या भायर घालव रे म्हाराजा!’ आणि मागून सगळे, ‘व्हयऽ म्हाराजा!’ कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाची चूकभूल, सगळं त्यात येतं. मी देवभोळी नाही, पण त्या ‘व्हय म्हाराजा’च्या वेळी माझ्याही छातीतून आवाज निघतो आणि श्वास पार तळापर्यंत रिकामा होतो. उच्छ्वास लांबला की काळजाचे ठोके मंदावतात, हे डॉक्टरही सांगतात. भजनात तेच, आरतीत तेच. योगाच्या शिबिरात पैसे भरून जे शिकवतात ते आमच्याकडे ओरडून होतं.

एक गोष्ट मात्र खटकते. गाऱ्हाणं घालतो तो पुरुष. बाया मागे. ‘व्हय’ म्हणायचा हक्क आहे, काय घालायचं ते ठरवायचा नाही. गावकाराच्या गाऱ्हाण्यात आंबा येतो, भात येतं, मुंबईकर चाकरमानी येतो. सुनेची रात्रीची झोप येत नाही. बायांनी त्यावर आपली तोड काढली ती गणपतीत. आमच्या वाडीत दुपारची भांडी घासून झाली की एकेका घरी फुगडीला जमायचं. गाण्यांत सासू, नणंद, दारू पिणारा नवरा सगळ्यांची नावं न घेता पूजा बांधलेली. गरगर फिरून डोळ्यांसमोर घर फिरायला लागतं आणि हसताना पोटात कळ येते. ज्या सासूवर गाणं आहे ती समोर बसून टाळ्या वाजवते. वर्षातून तेवढे दिवस. पुरुषांना त्यांच्या भजनाच्या डबलबाऱ्या आहेत, दशावतार आहे, आणि काहींना दारू आहे. शेवटच्याबद्दल काय लिहायचं? आमच्या पतसंस्थेच्या थकबाकीच्या यादीत अर्ध्या नावांपुढे मला ती दिसते.

2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. आमच्याकडे उरलेला सगळा आंबा रात्रीत खाली आला, सतरा कलमं मुळासकट पडली, पडवीची कौलं उडाली. नंतर कितीतरी दिवस वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. नुकसान किती ते आजही आमच्या हप्त्यांत दिसतं. पण खोटं कशाला सांगू, त्या रात्री हे घोरत झोपले. दुसऱ्या रात्रीही. मी कंदील घेऊन दारात उभी राहून ऐकत होते, विश्वास बसेना. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि ठिपका बघायला फोन चालू नव्हता. दिवसभर पडलेल्या फांद्या तोडायच्या, कैऱ्या गोळा करायच्या, शेजाऱ्याच्या कौलांना हात लावायचा. रेंज आली त्या रात्री निळा उजेडही परत आला.

त्यानंतरच्या एका हंगामात ह्यांचं जेवण तुटलं. पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, चिडचिड, बागेतल्या नेपाळी गड्यावर ओरडणं. आधी सगळे म्हणाले, पित्त असेल. मग अंगारा झाला, काढा झाला. फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, वाढलेला होता, त्यावर गोळी दिली आणि मनाच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवा म्हणाले. हे भडकले. ‘म्हणजे मला रत्नागिरीला पाठवतेस?’ मनोरुग्णालय रत्नागिरीत असल्याने आमच्या पिढीच्या डोक्यात ‘रत्नागिरी’ या एका शब्दात सगळं बसलेलं आहे. पोरं शाळेत एकमेकांना तेच चिडवायची. शेवटी मी 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर लावून दिला. 2022च्या ऑक्टोबरात सुरू झालेली सेवा, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. हे फोन घेऊन बागेत गेले. बराच वेळ आले नाहीत. आल्यावर फक्त, ‘बाई बरी होती बोलायला,’ एवढंच. पण कणकवलीच्या डॉक्टरांकडे जायला तयार झाले. काही महिने गोळ्या चालल्या. गोळ्यांनी झोप आली आणि झोपेने जेवण आलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण भजनाने आणि गाऱ्हाण्याने सगळं भागतं असं कुणी या लेखातून घेऊन जाऊ नये. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यात राम नाही असं कुणी म्हणायला लागलं तर कौल लावत बसू नये.

त्या डॉक्टरांनी एक साधी युक्तीही सांगितली. काळजी करू नका असं सांगून काळजी थांबत नाही, तर तिला दिवसातली अर्ध्या तासाची वेळ द्या. एक जागा ठरवा. बाकीच्या वेळी विचार आला की ‘तेव्हा बघू’ म्हणून बाजूला ठेवा, आणि तेव्हा खरंच बघा. थॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर ती तपासून पाहिली होती, असं मी नंतर वाचलं. मला ती ऐकताना नवल वाटलं नाही. सासरे खळ्यात उभे राहून तेच करायचे.

आमच्याकडे ती वेळ संध्याकाळी सातची ठरली, दिवाबत्तीनंतर, पडवीत. तेव्हा हवामान बघायचं, पट्टी बघायची, दलालाला फोन करायचा, माझ्या ऑफिसातलं रडगाणंही तेव्हाच. साडेसातला फोन फडताळात. दर रात्री जमतं असं नाही. ढग खरंच चढत असले तर हे मध्येच उठून फडताळ उघडतात, मी झोपेचं सोंग घेते. पण हंगामातल्या बऱ्याच रात्री खोलीत अंधार असतो.

नियम सर्वांत जास्त मोडतात त्या सासूबाई. परवा दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि त्यांनी कढी ओरपता ओरपता विचारलं, ‘काय गो, पेटयेक भाव काय गावलो?’

मी म्हटलं, ‘आई, सात वाजता.’

‘सात वाजापर्यंत मी जगलंय तर!’

हे माझ्याकडे बघायला लागले. मग सांगितला भाव. ‘इतकोच?’ म्हणाल्या, आणि हात तसाच उष्टा ठेवून त्यांनी वाशीच्या दलालाच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की ह्यांना ठसका लागला.